लाल गोळ्या आणि केरू

आमच्या दवाखान्याच्या वहीत त्या काळी इतके दगडू आणि धोंडू होते, की सगळे एकावर एक रचले असते तर सोलापूरच्या भुईकोटाला दुसरा तट उभा राहिला असता. आधीची लेकरं गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं, की यमाला हात लावायची किळस यावी. केरात ठेवून उचलला तो केरू, मूठभर कोंडा देऊन घेतला तो कोंडू. विणकरांच्या तेलुगू घरांत तोच पेंटय्या व्हायचा. उकिरडा तोच, भाषा वेगळी. मी तिथं कंपौंडर. या नावांपुढं मिक्श्चर लिहून लिहून माझा हात लाकडाचा झाला होता. त्यातली किती नावं मीच पुढं खोडली, याचा विचार करणं मी सोडलं होतं. बाटल्या धुवायच्या, डोसाच्या पट्ट्या चिकटवायच्या. ताप आपल्या मर्जीनं उतरायचा, नाहीतर माणसाला घेऊन जायचा.

तिसाचं दशक सरत आलं होतं. डॉक्टरांनी मुंबईहून लाल गोळ्यांची एक बाटली आणली. पुढं ज्यांना सगळे सल्फा म्हणू लागले, त्यांतली ही पहिली. जर्मनीत कापड रंगवायच्या रंगातून निघाली, असं डॉक्टर म्हणाले. मी इतका दमलो होतो, की शेंगांच्या टरफलातून निघाली म्हणाले असते तरी मान डोलावली असती.

पहिल्या गोळ्या गेल्या त्या एका रंगाऱ्याच्या घरी. त्याच्या बायकोला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि अंगात बाळंतरोगाचा असा ताप, की कपाळावर भाकरी भाजावी. या तापातून उठलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. आधीची दोन लेकरं गेलेली. हे तिसरं, मुलगा, ठणठणीत. सासूनं त्याचं नाव केरू ठरवून टाकलं होतं. बाई मात्र तापातही एकच धरून बसलेली, "केरू न्हाय. चांगलं नाव ठेवायचं. मी सांगीन ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर घरात रडारड. बाईची लघवी लालभडक झाली होती. सासूनं उरलेल्या गोळ्या पान-सुपारीच्या चंचीत कोंबून दोरी आवळली होती.

"मुडद्या, रगत पाडलंस की माझ्या सुनंचं!"

"आजी, रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे."

"मला शिकवतूस व्हय? तुज्या डाक्टरला म्हनावं, ये आन् पी ह्ये."

डॉक्टर मोहोळला गेलेले, संध्याकाळशिवाय येणार नाहीत. तोवर गोळ्या बंद राहिल्या तर बाई हातची जाणार, हे मला कळत होतं. पण मी तरी किती भांडू? मी उंबऱ्यावर बसकण मारली. तेवढ्यात रंगारी आत गेला आणि ते लघवीचं भांडंच उचलून अंगणात घेऊन आला.

"आये, गप जरा. रंग कुनाला कळतो, तुला का मला?"

त्यानं पांढऱ्या सुताची एक लड भांड्यात बुडवली. मग विळीवर स्वतःचं बोट कापलं आणि दुसऱ्या लडीवर रक्त पिळलं. दोन्ही लडी दोरीवर टाकल्या. सोलापूरचं ऊन ते. तिथं टाकलेली लड वाळायला माझी एक जांभई पुरते. रक्ताची लड बघता बघता तपकिरी पडली. दुसरी तशीच, नारिंगी-लाल, नव्या लुगड्याच्या काठासारखी.

"बघ. रगत काळं पडतंय. ह्यो रंग हाय, आन् चांगला पक्का हाय."

म्हातारीनं दोन्ही लडी नाकाशी नेल्या, जिभेला लावायचं तेवढं बाकी ठेवलं. मग चंचीची दोरी सोडली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाई दोन दिवस हळदीकुंकवात लोळल्यासारखी लालसर दिसत होती, आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. बारावा दिवस नुकताच टळला होता. बारसं तिच्यासाठी थांबलं होतं. मी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून उठून बसली होती, पोराला मांडीवर घेऊन. सासू शेजारी बसली होती, पण आता तिला भांडायचंही त्राण नव्हतं.

"सांग बाई, काय ठिवायचं ते नाव," म्हातारी म्हणाली.

"केरूच ठेवा की."

रंगारी म्हणाला, "आगं, मग येवढं कशापायी आडून बसलीस?"

"मी जानार हुते न्हवं," ती म्हणाली. "आईमागं लेकराला आईचं काय ऱ्हानार? येक नाव तरी चांगलं असावं म्हनलं. आता मी हाय की."

मी दवाखान्यात परतलो. वहीत आणखी एक केरू लिहिला आणि तिथंच डोकं टेकलं. डॉक्टर सांगतात, मी तीन दिवस उठलो नाही. मला तर वाटतं, चार.