न्हाणीघराच्या भिंतीवरचा शेवटचा गिझर

“गिझर मिळणार नाही,” असे मी आज सकाळी दारातूनच सांगितले.

पाहुण्यांना आत या म्हणालो नाही. चहा विचारला नाही.

सुनंदाला जाऊन आज एक वर्ष पूर्ण झाले. सकाळची वंदना नुकतीच आटोपली होती, आणि दारात तिच्या शेडमधली माणसे उभी होती. उमरेडचे विलासभाऊ आणि पॅकिंग पाहणाऱ्या कांताबाई.

या दोघांचा मी अनेक वर्षे मत्सर करीत आलो आहे.

जे सुनंदाला ओळखत नव्हते, त्यांच्यासाठी सांगतो. माझी पत्नी पाणी तापवण्याची यंत्रे बनवीत असे.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात तिने नागपूरच्या नंदनवन भागात भाड्याची शेड घेतली. कंपनीला रीतसर नाव होते, पाटी होती. पण आमच्या घरात तिला कायम ‘शेड’ असेच म्हटले गेले.

तिच्या भावाने तेव्हा कपाळावर हात मारला होता.

“ताई, कूलर काढ वं! इथं मे महिन्यात टाकीतलंच पाणी चटके देते. नागपुरात गिझर कोण घेईन?”

“अन् डिसेंबरात तू काय करशील? कूलरात बसशील?”

सुरुवात लाकडावरच्या तांब्याच्या बंबापासून झाली. सुनंदा पॉलिटेक्निक शिकलेली, विलासभाऊंचा हात डाग देण्यात, म्हणजे तांब्याचे सांधे जोडण्यात, बसलेला. मग विजेचा गिझर आला. मग तिने खोली तापवणारा हीटर काढला. तो नागपुरात कोणी घेतला नाही, चिखलदऱ्याच्या हॉटेलांनी घेतला. पुढे सोलर.

प्रत्येक नवे मॉडेल बाजारात जाण्यापूर्वी प्रताप नगरला आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर चढत असे. एक उतरायचे, दुसरे लागायचे. त्या भिंतीला आजही इतकी भोके आहेत की नवीन खिळा ठोकायला जागा शोधावी लागते.

पहिली आंघोळ माझी.

ती दाराबाहेर उभी राहायची.

“अहो, तापलं का?”

“समाधानकारक.”

“बस? एवढंच? माणसानं जरा तरी बोलावं!”

मी सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेला मनुष्य. याहून अधिक बोलण्याची मला सवय नव्हती. तिचे पुढचे शब्द ऐकू येण्याआधीच फाटकाबाहेर स्कूटर सुरू झालेली असे.

ती शेडकडे निघालेली असे.

‘आमची शेड’ म्हणताना तिचा आवाज बदलायचा. घरी परतली तरी हाताला डाग दिल्याचा वास असायचा. महाबळेश्वरला फिरायला नेले, तर सूर्यास्त सोडून हॉटेलचा थर्मोस्टॅट उघडून बसली.

ती गेली त्या दिवशी माझ्यापेक्षा ही माणसे मोठ्याने रडली. मला तेही सहन झाले नव्हते. रडण्याचा पहिला अधिकार माझा होता.

मी त्या शेडमध्ये कधीही पाऊल ठेवले नाही.

आणि आता तिने स्वतःच्या हाताने लावलेला शेवटचा गिझर हे लोक काढून नेणार. त्याला हार घालणार, शोकेसमध्ये ठेवणार. असे मी गृहीत धरले होते.

विलासभाऊ चपला न काढता तसेच उभे राहिले.

“न्याले नाही आलो जी, सर. विचाराले आलो.”

“काय?”

“पाणी कसं तापते?”

मला काही उमगेना. शेवटी कांताबाईंनी त्यांना कोपराने ढोसले. “धड सांगा नं, भाऊ! सर, हे मॉडेल वर्षभरापासून रुकून आहे. तुमचं ओके नाही आलं.”

“माझे?”

“मग कोणाचं? मॅडमचा नियमच होता. सर ‘समाधानकारक’ म्हणत नाहीत, तोवर एकही पीस बाहेर जाणार नाही. नवं मॉडेल आलं का आम्ही सकाळपासून एकमेकाले विचारू, सरची आंघोळ झाली का?”

“झाली म्हटलं का मॅडम खडूनं टाकीवर लिहीत,” विलासभाऊ म्हणाले. “समाधानकारक. मोठ्या अक्षरात. म्हणत, हा माणूस खोटं बोलत नाही. एक शब्द देते, पण पक्का देते.”

“मग वर्षभर विचारले का नाही?”

“तुमचं भेव वाटते जी.”

मी त्यांना आत घेतले. खुर्च्या दिल्या.

त्यांना काय सांगणार? पहिल्या आंघोळीआधीच ती गेली, आणि त्या गिझरचे बटण मी वर्षभर दाबलेच नव्हते. हा हिवाळा थंड पाण्यावर काढला. बाहेर विचारणारे कोणी नसताना पाणी तापवायचे कशासाठी?

“थांबा,” एवढेच म्हणालो, आणि टॉवेल घेऊन आत गेलो.

लाल दिवा लागला. काही वेळाने विझला. बादली भरली, आरसा वाफेने झाकला गेला.

अंगावर पहिला तांब्या घेतला आणि कान आपोआप दाराकडे गेले.

बाहेर कोणी तरी खाकरले.

“सर, तापलं का जी?”

कांताबाईंचा आवाज. मला संताप आला. तो प्रश्न विचारण्याचा हक्क एकाच व्यक्तीचा होता.

पण उत्तर देणे भाग होते. ते तिचे काम होते.

“समाधानकारक.”

बाहेर फोनची बटणे वाजली. मग विलासभाऊ फोनवर ओरडले, “अरे, सर बोलले! घ्या मॉडेल लाइनवर!” आणि पाठोपाठ कांताबाईंचे हुंदके.

पुन्हा माझ्या आधी. मी साबण लावून उभा, आणि रडणार शेड.

मत्सर गेला असे लिहिणे मला शोभले असते. तो गेलेला नाही. उलट वाढला आहे. सुनंदा, माझ्याविषयी तू जे चांगले बोललीस, ते वर्षानुवर्षे त्यांना ऐकायला मिळाले. मला ते आज, परक्या तोंडून कळले.

म्हणून आज थोडे अधिक बोलतो.

सुनंदा, पाणी लवकर तापते. धार एकसारखी आहे. वास येत नाही. थंडीत अंगावर घेतले की बरे वाटते, फार बरे वाटते.

तुला माझा अखेरचा नमस्कार.

वरचे चार शब्द केवळ तुझ्यासाठी आहेत. शेडला सांगू नकोस.