मायनं पारखलेली गाडी

परवा शेजाऱ्यांच्या नव्या कारमध्ये बसले आणि कोऱ्या सीटांच्या वासानं गोंदियाच्या शोरूममधली एक दुपार आठवली. गिरणीत धान न्यायला बाबा पिकअप घेत होते. किती पोती मावतील, एवढंच ते विचारत होते. भाऊ गाण्यांच्या आवाजावर खूश होता. माय मात्र मागच्या हौद्यात चढली आणि पाय लांब करून सरळ आडवी झाली. विक्रेता हसला, मलाही हसू आलं.

"काऊन वं, इथं कायले झोपून राहिली?" बाबांनी विचारलं.

"गावात कोणी बिमार पडलं तं असं निजवून नेता आलं पायजे," ती म्हणाली. "हेच गाडी घ्या."

पुढं त्या हौद्यातून धान गेलं, तशी तापानं फणफणलेली माणसंही दवाखान्यात गेली. माझे दिवस भरले तेव्हा गादी टाकून मलाही त्यातूनच नेलं. वाटभर माझं डोकं मायच्या मांडीवर होतं.

आता माय नाही, गाडीही विकली. तरी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात एखादी म्हातारी माझा हात धरून म्हणते, "तुह्या मायच्या गाडीनं माहा पोरगा वाचला."

कागदावर ती गाडी बाबांच्या नावाची होती.