जिनिव्हाला गेलेला पाय

सेमिसीच्या टाचेला जखम होती, आणि ती दुखत नव्हती याचाच त्याला कोण अभिमान! साखरेने पाय बधिर झालाय, हे नर्सबाई सांगून थकली. पण हा पडला दक्षिण समुद्रातल्या व्हावाऊ बेटावरच्या गावाचा प्रमुख. न दुखणं म्हणजे मर्दानगी, असं त्याचं शास्त्र. कातडी धरेपर्यंत बूट नको, चालणं नको, एवढंच नर्सबाईचं म्हणणं होतं. बायको लुपे रोज जखम धुवायची, पट्टी बांधायची. जखम भरत आली होती.

तेवढ्यात जिनिव्हाहून बोलावणं आलं. साखर, रक्तदाब असल्या रोगांना साऱ्या जगाने मिळून आळा कसा घालायचा, याची मोठी परिषद भरणार होती आणि तिला म्हणे रोग भोगणाऱ्यांचा आवाज हवा होता. त्या आवाजाला टाचही असते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सेमिसी हुरळून गेला.

त्या घरात शेवटचा शब्द त्याच्या थोरल्या बहिणीचा, कालोलाईनेचा. लुपे तिच्याकडे गेली.

"वन्सं, तुम्ही नको म्हणालात तर ते थांबतील. जखम भरतेय हो."

"अगं, आपला माणूस जगापुढे उभा राहणार, आणि तू टाच घेऊन बसलीस?"

"टाच गेली तर उभे कशावर राहतील?"

"जीभ फार चालते तुझी. जा, उमूची तयारी कर."

मग निरोपाची उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, पेटली. न्यूझीलंडहून येणाऱ्या मेंढीच्या चरबट बरगड्या अळूसारख्या तारोच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजल्या. पाद्रीबुवांनी त्याच्या आरोग्यासाठी लांबलचक प्रार्थना केली, आणि साखरेशी लढायला निघालेल्या या वीराने दोन ताटं चापली. लुपेने वाढलं. न वाढून सांगते कुणाला?

जिनिव्हात तो रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून, नवे कडक काळे बूट घालून उभा राहिला. बोलला मात्र खरं. "जी चरबी तुम्ही तोंडात घालत नाही, ती आमच्याकडे पाठवणं बंद करा." बायका रडल्या, पुरुषांनी चष्मे पुसले. मग मांस विकणाऱ्या देशांचे साहेब त्या एका वाक्यावर दोन दिवस बसले, आणि ठरावात उरलं एवढंच, की इच्छुक देशांनी योग्य वाटल्यास विचार करावा. टाळ्या पडल्या. सेमिसीनेही वाजवल्या. शी!

घरी आल्यावर लुपेने बूट काढला, तर मोजा मांसाला चिकटलेला. सेमिसी ठरावाच्या कागदाखाली छापलेला आपला फोटो शेजाऱ्यांना दाखवत होता. आठवड्याभरात दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

महिन्याने परिषद भरवणाऱ्या बाईंचा फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुढची परिषद याहून मोठी आहे, आणि आता तर तुमच्या बोलण्याला आणखी वजन येईल. खाटेवर पडलेल्या सेमिसीचा चेहरा उजळला.

"लुपे, कोट काढून ठेव गं माझा."

"जाऊ दे त्याला," चटईवर पाय पसरून बसलेली कालोलाईने म्हणाली. "मान आहे घराण्याचा."

लुपे तिच्याकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने नणंदेच्या डोळ्याला डोळा दिला.

"यावेळी तुम्हीच जा की, वन्सं. साखर तुम्हालाही आहे, आणि पाय अजून दोन्ही आहेत."

कालोलाईनेने पसरलेले पाय हळूच झग्याखाली ओढून घेतले.