हत्तीणीचे सतरा दिवस

ही गोष्ट मी सात वर्षं सांगायची टाळली. म्हणजे अजिबात सांगितली नाही असं नाही. तिचा पहिला अर्धा भाग मी लग्नात, बारशात, एकदा तर बाराव्याच्या पंगतीतसुद्धा सांगितला आहे आणि हशा मिळवला आहे. दुसरा अर्धा भाग जवळ आला की मला नेमकं पाणी प्यावंसं वाटायचं, नाहीतर बाहेरून कुणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं. आता वय पंचाहत्तरच्या पुढे गेलं आहे आणि बायको म्हणते, "तोंडान जमणा नाय, तर लिवा तरी." म्हणून लिहितो आहे.

मी हायस्कुलात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर आचऱ्याच्या रस्त्यालगत असलेल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना द्यायला लागलो. 'आम्ही' हा शब्द मी माझ्या सोयीसाठी वापरतो. जेवण बायको करायची, खोल्या बायको झाडायची, माझ्याकडे माहिती देण्याचं खातं होतं. पाहुणे सोलकढीचा दुसरा पेला मागायचे आणि मी त्यांना जांभा खडक कसा तयार होतो ते सांगायचो. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच उठून भटकायला निघायचे. समुद्राच्या ओढीने निघतात, अशी माझी समजूत होती.

एका दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचं एक कुटुंब आलं. आई, वडील आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. मुलीच्या काखेत सतत एक कापडी हत्तीण असे. पांढऱ्या कापडावर बारीक निळी फुलं, सोंड जराशी वाकडी, डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं, एक मोठं आणि एक लहान. जेवायला बसलं की हत्तीणीपुढेही ताटली मांडावी लागे. बायको तिला नुसता भात वाढी आणि गंभीरपणे सांगे, "तिखट लागतला बाई हिका."

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा फोन आला.

"काका, हत्तीण राहिली का हो तिथं?"

मी जाऊन बघितलं. पलंग आणि भिंत यांच्या फटीत ती डोकं खाली करून पडली होती. आहे म्हटल्यावर तिकडे एकदम मोठा सुस्कारा ऐकू आला. मग तिने सांगितलं की हत्तीण तिच्या सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्याची शिवली होती. त्याच वर्षी त्या गेल्या. पोरगी आजीजवळ झोपायची, आता हत्तीणीत नाक खुपसून झोपते.

"तिला त्या कापडाचा वास लागतो काका. आजीच्या ट्रंकेतला, लवंगेचा. तेवढी धुऊ नका हं. तशीच पाठवून द्या."

"उद्याच्या उद्या पाठवतो," मी म्हणालो. वर्गात न ऐकणाऱ्या मुलांना सांगायचो तशा खणखणीत आवाजात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हत्तीणीला पिशवीत घालून मी मालवणला निघालो, कुरियर करायलाच. हे मी देवाशपथ सांगतो. पण कुरियरचं दुकान उघडायला वेळ होता, म्हणून जेटीवर गेलो, आणि किल्ला मागे दिसेल अशा बेताने तिला कठड्यावर बसवून एक फोटो काढला. फोटो आईला पाठवला. खाली लिहिलं, 'सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर वसलेला आहे. शेजारी हत्तीण.' पाचच मिनिटांत तिकडून त्या मुलीचा हसण्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. "आजोबा, ती किल्ल्यात नाही गेली? तिला किल्ल्यात न्या ना!"

एवढं निमित्त मला पुरलं.

किल्ल्याच्या होडीत बसलो. होडीवाला माझाच एकेकाळचा विद्यार्थी. त्याने हत्तीणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मास्तरांनू, हिचां तिकीट काढलात?"

"अरे, खेळणं आहे ते."

"खेळणां कसला? हत्तीण आसा. होडी एका बाजून कलली, बघा."

आख्खी होडी हसली. आणि मला, ज्याच्या तासाला बत्तीस वर्षांत कुणी स्वतःहून हात वर केला नव्हता त्याला, त्या हसण्याची चटक लागली. घरी येऊन मी ते फोटो जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळपर्यंत दुबईपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडून उत्तरं. 'सर, भारी!' 'सर, हत्तीण उद्या खंय?' मान्सूनचे वारे मी इतकी वर्षं जीव तोडून शिकवले, तेव्हा यांतल्या एकालाही उद्या खंय असं विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग काय. हत्तीण देवबागला गेली, कर्ली नदी समुद्राला मिळते ते पाहायला. आचऱ्याच्या देवळात जाऊन पाया पडून आली. माझ्या स्कूटरच्या पुढच्या जाळीत बसून माझ्यापेक्षा जास्त लोकांचे नमस्कार घेऊ लागली. पाचव्या दिवशी मुलीच्या आईचा मेसेज आला, 'काका, फोटो खूप छान. पण आता पाठवाल का? ती झोपताना फार शोधते.' मी त्यातलं 'फोटो खूप छान' एवढंच वाचलं. खोटं कशाला बोलू, बाकीचंही वाचलं. पण वाचल्यासारखं केलं नाही.

बायको रोज विचारायची, "आज धाडतलात?" आठव्या दिवसापासून तिने मला विचारणं सोडलं आणि खोबरं किसता किसता विळीलाच सांगायला लागली. "थंय चेडवाक झोप नाय, आणि हे हयसर हत्तीणीक नदी दाखवतत. हत्तीणीन कधी पाणी बघूकच नाय जणू."

"पोरीनेच सांगितलंय ना दाखवा म्हणून," मी म्हणालो.

"तिना किल्लो सांगलेलो. किल्लो बघून झालो."

यावर मी हत्तीणीला उचललं आणि पिंगुळीला गेलो.

पिंगुळीला एका कलाकाराच्या घरी कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात. मी त्याला सगळी हकिकत रंगवून सांगितली आणि हत्तीणीला बाहुल्यांच्या ओळीत दोरीने टांगून फोटो काढू दे म्हटलं. त्याने ती हातात घेतली, उलटी केली, पोटाची शिवण नखाने चाचपली.

"हातशिलाय आसा," तो म्हणाला. "टाको बघा किती बारीक. म्हाताऱ्या माणसाचो हात. डोळ्यांनी दिसत नसतला, बोटांनी शिवल्यान." मग विचारलं, "कोणाची?"

"आहे एका पाहुण्यांची," मी म्हणालो आणि घाईघाईने फोटो काढला. त्याने ती टांगू दिली नाही. आपल्या मांडीवर ठेवली. त्या फोटोला ग्रुपवर फारसं कुणी काही म्हटलं नाही. मला आठवतं, मी त्याबद्दल खट्टू झालो होतो.

म्हणून पंधराव्या दिवशी जरा जोरदार काहीतरी करावं असं ठरवून मी तिला मासळीच्या लिलावात नेलं. ताज्या बांगड्यांच्या ढिगावर तिला बसवलं. जेमतेम अर्धा मिनिट. एक मासेवाली ओरडली, "मास्तर, हिची बोली लावा, हिका कोण घेता?" फोटो झकास आला. तो आजही माझ्याकडे आहे आणि मी तो उघडत नाही.

घरी आल्यावर बायकोने हत्तीण नाकाशी नेली. मी नळाकडे वळलो तशी ओरडली, "धुवू नकात! तिच्या आवशीन काय सांगितल्यान?" तिने ती दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगली. मधूनमधून जाऊन हुंगून यायची. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाली, "आसा अजून. आत, पोटाकडे. लवंगेचो." मीही हुंगलं. खरंच होता. मला इतकं हायसं वाटलं की उद्या पाठवणार म्हणजे पाठवणारच, असं मी स्वतःलाच बजावलं.

सतराव्या दिवशी पाठवलीच. ती कशी, ते आता सांगतो. इथेच मला दर वेळी तहान लागते.

आमच्याकडून पाहुण्याला रिकामं पाठवायची पद्धत नाही. पाहुणा कापडाचा असला तरी. बायकोने वानवळा काढला. कुळथाचं पीठ, मसाला, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणि कोकमाच्या आगळाची एक काचेची बाटली. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, सोलकढीला रंग येतो तो त्याने. बायकोने दोन खोके वेगळे ठेवले होते. एक वानवळ्याचं, एक हत्तीणीचं. "दोन करा हां," असं ती दोनदा म्हणाली आणि शेजारी गेली.

मी विचार केला, दोन कशाला? एकातच मावतंय की. फक्त बाटली फुटू नये म्हणून तिच्याभोवती काहीतरी मऊ हवं होतं. मी घरभर नजर फिरवली. आणि भूगोलाचा पदवीधर असलेल्या, बत्तीस वर्षं मुलांना विचार करायला शिकवलेल्या या माणसाने ती बाटली हत्तीणीच्या चार पायांत उभी धरली, हत्तीण तिच्याभोवती गुंडाळली, वरून सुतळी बांधली. ती अगदी घट्ट बसली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. त्याचाही मी फोटो काढला, ग्रुपसाठी. 'हत्तीण परतीच्या प्रवासाला.'

पाच दिवसांनी दुपारी मुलीच्या आईचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात होती.

"काका, पार्सल मिळालं, पण बाटली फुटली हो आतमध्ये. हत्तीण सगळी लाल झाली. काच होती म्हणून मी आधी धुतली. तीनदा धुतली. रंग जात नाही."

"आणि वास?" मी विचारलं.

"साबणाचा येतो. अन् थोडा सोड्यांचा."

"पोरगी काय म्हणाली?"

"वास घेतला अन् माझ्या हातात परत दिली. म्हणाली, ही तुझ्याजवळ ठेव."

या क्षणी माणसाने काय बोलायला हवं ते शाळेतल्या पोरालाही कळतं. मी म्हणालो, "कुरियरवाल्यांनी आपटली असणार. मी वर एवढं मोठं 'नाजूक' लिहिलं होतं!"

"हो न. त्यांना काय पडलंय. तुम्ही मात्र किती केलं हो काका तिच्यासाठी."

मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

"तुमी 'नाजूक' लिवलात?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"आणि बाटली खंय ठेवलात? त्याच खोक्यात?"

मी पाणी प्यायला उठलो. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली नाही. पदराला हात पुसून म्हणाली, "तिका सांगा. त्या चेडवाक. आवशीक नको, तिका."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पहिलं पत्र लिहायला घेतलं, ते कोकमाच्या झाडाची उंची, पानं, फळांचा हंगाम यावर दोन पानं झालं आणि माफीपर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्यात मी 'अनवधानाने' हा शब्द वापरला. बायकोने ते वाचून परत दिलं. "सहा वर्साच्या पोराक ह्यां कळतला?" तिसरं सोपं झालं होतं, पण त्यात कुरियरचा उल्लेख पुन्हा कुठून तरी घुसला. मग दर दिवाळीला मी फोन करायचं ठरवायचो, आणि दर दिवाळीला शुभेच्छांचं एक चित्र पाठवून मोकळा व्हायचो.

यंदा फोन तिकडूनच आला. आई म्हणाली, "काका, हिला तुमच्याशी बोलायचंय." मुलगी आता तेरा वर्षांची. आवाज ओळखू आला नाही.

"आजोबा, हत्तीणीचे फोटो आहेत का तुमच्याकडे? आईचा फोन बिघडला तेव्हा सगळे गेले. मला पाहिजेत."

"आहेत की. सगळे आहेत. पाठवतो."

"होडीतला पण? अन् त्या बाहुलीवाल्यांच्या मांडीवरचा?"

"तोसुद्धा."

"थँक यू आजोबा. तुम्ही तिला किती फिरवलं! मी सगळ्यांना सांगते." मग म्हणाली, "मला त्या कुरियरवाल्यांचा अजून राग येतो. वेडेपणा आहे न? पण येतो."

बायको समोर बसली होती. तिने मान हलवून मला खूण केली, आता.

"त्यांची तरी काय चूक गो," मी म्हणालो.

"मग कुणाची?"

एवढं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

"हॅलो? आजोबा? आवाज येत नाहीये."

"रेंज नाय गो हयसर," मी म्हणालो. मी खिडकीत बसलो होतो, रेंज पूर्ण होती. बायको उठून आत गेली. मुलगी म्हणाली फोटो नक्की पाठवा, आणि फोन बंद झाला.

फोटो पाठवले. शेवटचा, सुतळी बांधलेला, तेवढा पाठवला नाही. त्यासोबत जे सांगायचं होतं ते असं: बाळा, कुरियरवाल्यांवर रागावू नकोस. बाटलीभोवती तुझी हत्तीण मी गुंडाळली होती, माझ्या हाताने. त्याआधी सतरा दिवस ती मी ठेवून घेतली, तुला दाखवण्यासाठी नव्हे, लोक मला हसून दाद देत होते म्हणून. निघताना तिच्या पोटाशी तुझ्या आजीचा वास होता. मी स्वतः घेतला होता. तो तुला मिळायला हवा होता. माझं चुकलं. मला माफ कर.