डिलीटचं बटण

प्रोग्रामिंगच्या क्लासमध्ये सुमनताई माझ्या शेजारी बसतात. घरच्या औषधाच्या दुकानासाठी त्या गिऱ्हाइकांच्या नोंदींचा प्रोग्राम बनवतायत. सरावाला सगळेच घरच्यांची नावं भरतात. त्यांची पहिली नोंद नवऱ्याची. ते मागच्या महिन्यात गेले.

आज सर म्हणाले, "डिलीटचं बटण चालतंय का बघा. पहिली नोंद काढा."

सुमनताईंचा हात माऊसवर तसाच राहिला. "सर, आधी एक खोटं नाव भरू का?"

कालच सरांनी शिकवलं होतं, की ऑब्जेक्टला, म्हणजे अशा एखाद्या नोंदीला, प्रोग्राममध्ये कुणीतरी धरून आहे तोवर मशीन त्याला मेमरीतून काढत नाही. मी ते नुसतं उतरवून घेतलं होतं.

त्यांनी जगात कधीच नसलेल्या कुणाचं तरी नाव भरलं आणि पुसलं.

"चालतंय," त्या हळूच म्हणाल्या.

पडद्यावर नवऱ्याचं नाव तसंच होतं. शेजारी वयाचा रकाना, आता कधीच बदलावा न लागणारा.