आईनं चिंचेनं घासलेला रुपया

आज सकाळी आईनं देवाच्या भांड्यांसोबत माझा चांदीचा रुपया चिंचेनं घासला, तिथंच सगळं फिरलं.

मंडळी, जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली निळी-जांभळी झाक, म्हणजे टोनिंग, आमच्या कॉलेजातल्या प्राजक्ताला जिवापाड आवडते. कॉलेज अर्ध्यावर सुटलं, पण ती काय मनातनं सुटंना. आज रंकाळ्यावर तसलीच झाक चढलेला तो रुपया तिला देऊन मनातलं सगळं सांगणार होतो.

आईवर ओरडलो. ती म्हणाली, "काळा पडलता की रं!"

रागारागात प्राजक्ताला मेसेज टाकला, "तुझ्यासाठी आणलेला रुपया आईनं घासला. येऊ नकोस."

लगेच तिचा फोन. "येड्या, रंग परत चढंल. लागू देत वर्षं, दोघं मिळून बघू की. निघालेय मी."

आता तुम्हीच सांगा, हा होकारच न्हवं का?

आईला म्हणालो, "बरं केलंस!" आणि दार ओढून निघालो.