डेल्बर्टचं तीव्र नैराश्य

माझी भावजय नेडीन शाळेची बस चालवते. आमच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या वळणांवर कितीही बर्फ पडू दे, तिची बस कधी घसरली नाही. तोंडाला मात्र ब्रेक नाही. माझा भाऊ डेल्बर्ट अगदी उलटा. चेहरा सुतकी ठेवून थट्टा करणार.

तीच थट्टा त्याला भोवली. त्याचा म्हातारपणाचा सरकारी विमा, मेडिकेअर, एका खासगी कंपनीच्या प्लॅनमधून आहे. डायलिसिसला न्यायला व्हॅनही त्यांचीच येते. वसंतात त्यांची नर्स तपासणीला घरी आली, मक्याचा कॉर्नब्रेड हाणला आणि विचारलं, "उदास वाटतं का हो?"

"वाटतं की! लग्न झाल्यापासून."

आमच्याकडचं शेंबडं पोरही हसलं असतं. या बयेनं 'तीव्र नैराश्य' लिहून टाकलं! आता किडनी बसवणारे डॉक्टर म्हणतात, आधी हे निस्तरा, मग यादीत नाव घालू. आणि प्लॅनवाले ते खोडायला तयार नाहीत. माझं तर डोकंच फिरलं.

परवा बंबखान्याच्या हॉलमध्ये प्लॅनचा माणूस आला, तेव्हा नेडीन डेल्बर्टला घेऊन मुद्दाम पुढे बसली. तो पडद्यावर आकडे दाखवत होता. "आमच्या प्लॅनमधली माणसं जास्त आजारी, तरी आम्ही स्वस्तात सांभाळतो. आता सरकार पैसे कापायला निघालंय. तुम्ही ओरडायला हवं."

नेडीन ताडकन उठली. "जास्त आजारी ठरवलं कुणी हो? तुमच्याच नर्सनं ना? जितके आजार, तितके तुम्हाला सरकारकडून पैसे जास्त! नर्स येऊन गेल्यावर कुणाकुणाला नवा आजार चिकटला? करा बघू हात वर!"

अर्ध्याहून अधिक हात वर गेले. डेल्बर्टचाही गेला.

त्या माणसाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "खोडू की सगळं. मग पैसे कमी येतील, आम्हाला इथून निघावं लागेल. व्हॅनही बंद होईल."

एकेक हात खाली यायला लागला. मला संताप आला, आणि भीतीही तितकीच वाटली. डायलिसिस चुकलं तर माझा भाऊ जगायचा नाही. त्यानंही हात खाली घेतला.

"बस गं खाली," तो पुटपुटला. "व्हॅन गेली तर?"

"मी काय मेलेय? गावाची पोरं नेते, तुला नाही का नेणार?" तिनं त्याचं मनगट धरलं आणि हात पुन्हा वर केला.

अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एकच हात वर होता.